दाबमापीवरील फिर्यादीचा जबाब

टाकीतील द्रवाची पातळी तिच्या तळाशी पडणाऱ्या दाबावरून ठरवण्याची जी पद्धत गेली कित्येक दशके कारखान्यांतून रूढ आहे, ती आता कालबाह्य झाली असून तिला बरतर्फ करावे आणि तिच्या जागी वरून लहरी सोडून पृष्ठभागाचा ठाव घेणारी रडार-यंत्रे सरसकट बसवावीत, असे मत अलीकडे ती यंत्रे विकणाऱ्यांच्याच नव्हे, तर ती चालवणाऱ्या जाणत्या मंडळींच्याही तोंडून वारंवार ऐकू येऊ लागले आहे. विकणाऱ्याचे बोलणे त्याच्या धंद्याच्या खाती जमा करून सोडून देता येते. परंतु ज्यांनी हयातभर पाने-पेचकस हाती धरून टाक्या, नळ आणि झडपा सांभाळल्या, अशांनीही तोच सूर लावावा, हे मात्र उत्तरावाचून सोडता येत नाही. त्यांची फिर्याद थोडक्यात अशी : दाबमापी पातळी मोजतच नाही, तो दाब मोजतो आणि पातळीचे केवळ अनुमान सांगतो, द्रव पातळ-दाट झाला, तापला वा निवला, की ते अनुमान कोसळते, त्याच्या बारीक नळ्या तुंबतात, आणि या खोट्या साक्षीपायी जगात मोठमोठे अनर्थ घडलेले आहेत. यांतील बहुतेक विधाने खरी आहेत. त्यांवरून काढलेला निष्कर्ष तेवढा चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

मूळ तत्त्वाविषयी वाद नसल्याने त्यावर शाई खर्च करण्याचे प्रयोजन नाही. स्थिर द्रवाच्या तळाशी पडणारा दाब भांड्याच्या आकारावर नव्हे, तर वरच्या द्रवस्तंभाच्या उंचीवर आणि त्या द्रवाच्या घनतेवर अवलंबून असतो, हे सिमोन स्टेव्हिन या फ्लेमिश पंडिताने १५८६ मध्ये ग्रंथबद्ध केले. पाण्याच्या एक मीटर स्तंभाचा दाब सुमारे ९.८१ किलोपास्कल भरतो; डिझेलचा तेवढाच स्तंभ घनतेच्या मानाने सव्वाआठ किलोपास्कलांच्या आसपास भरतो. टाकी उघडी असेल तर तळाचा दाब पुरे; ती बंद असून द्रवावर वायूचा वा वाफेचा दाब असेल, तर वरचा दाब खालच्यातून वजा करावा लागतो, आणि ही वजाबाकी एका पातळ पडद्याच्या दोन्ही बाजूंना दोन नळ्या जोडून यंत्रच परस्पर करून देते. दाबफरकाची म्हणतात ती पद्धत एवढीच.

आता फिर्यादीचे पहिले कलम, अनुमानाचे. दाबमापी पातळीचे अनुमान करतो हे मान्य. परंतु प्रतिपक्षाचे लाडके रडार तरी काय करते? ते लहर जाऊन परत येण्यास लागलेला काळ मोजते आणि लहरीचा वेग गृहीत धरून त्यावरून अंतराचे अनुमान करते. दाट वाफेतून जाताना तो वेग मंदावतो, फेसाचा थर आला की लहर फेसावरून परतते की द्रवावरून, हे पाहण्यास तिथे कोणी हजर नसते, आणि टाकीच्या आतील एखादी शिडी किंवा घुसळणीचे पाते मध्ये आले तर त्याचाही प्रतिध्वनी द्रवाच्या नावे रुजू होतो. पृष्ठभागाला स्पर्श करणारा तरंगक घ्या. तो सांगतो तरंगक कुठे आहे एवढेच, आणि तो द्रवाबरोबरच हलत असेल, ही आपली श्रद्धा असते. ११ डिसेंबर २००५ रोजी इंग्लंडातील बन्सफील्ड येथील इंधनकोठारात जो प्रचंड स्फोट झाला, त्याच्या चौकशीचा वृत्तांत प्रतिपक्षाने अवश्य वाचावा. तिथल्या ९१२ क्रमांकाच्या टाकीवर तळाचा दाब मोजणारा नव्हे, तर पृष्ठभागाचाच माग घेणारा मापक होता. पेट्रोल टाकीत अखंड येत असताना पहाटे तीनच्या सुमारास त्याचा आकडा दोन-तृतीयांशाच्या आसपास अडकून बसला, शेवटच्या क्षणी पुरवठा तोडणारी स्वतंत्र कळही चालली नाही, आणि टाकी भरून वाहू लागली तरी नियंत्रणकक्षातील पडद्यावर सारे सुखरूप होते. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. चाळिसांहून अधिक माणसे जखमी झाली. त्या एका मापकामुळे पृष्ठभाग शोधणाऱ्या यच्चयावत मापकांना सुळी द्या, असे कोणी म्हटले नाही, आणि म्हणूही नये. मग हाच न्याय दाबमापीला का नाकारला जातो?

परंतु अनुमानाच्या या मुद्द्याखाली एक अधिक खोल प्रश्न दडलेला आहे, आणि त्याला प्रतिपक्ष कधी हात घालत नाही : टाकीवाल्याला उंची हवी असते ती कशासाठी? वणीच्या बाजारात कापसाची गाडी आली म्हणजे तिच्यावरील ढिगाची उंची मोजून कोणी भाव करत नाही. कापूस दाबून भरला की फुगवून भरला याचा निकाल काटा लावतो. टाकीच्या बाबतीत मात्र उंची हेच अंतिम सत्य आणि वजन ही तिची मलिन छाया, अशी उलटी समजूत रूढ होऊन बसली आहे. तेलाच्या व्यवहारात उंची मोजली, तरी तपमान पाहून कोष्टकावरून ते घनफळ प्रमाण तपमानावर आणल्यावाचून हिशेब पुरा होत नाही, तो याचसाठी. दाबमापी जे सांगतो ते त्याच्या पडद्यावर उभ्या असलेल्या स्तंभाचे दर चौरस मीटरमागचे वजन. उंची ही त्याच्याकडून आपण जबरीने वदवून घेतो, आणि त्यासाठी लागणारी घनता त्याला एकदाच, यंत्र बसवण्याच्या दिवशी, सांगून मोकळे होतो. पुढे द्रव बदलला तर तो दोष कोणाचा?

आमच्या राजुरात याचे उदाहरण शोधण्यास लांब जावे लागत नाही. वणी तालुक्यातील हे गाव कोळशाचे तसेच चुन्याचे. खाणीतून निघणारी चुनखडी भट्टीत कोळशाच्या आचेवर भाजली म्हणजे तिच्यातील कर्बवायू निघून जातो आणि शंभर भार शुद्ध चुनखडीतून छप्पन्न भार चुनकळी उरते, हे भट्टीवरच्या माणसाला रसायनशास्त्र न शिकताही ठाऊक असते. ही चुनकळी पाण्यात विरवून तिचे पांढरे दाट मिश्रण केले की त्याला चुन्याचे दूध म्हणतात, आणि साखर कारखान्यांत उसाचा रस निवळण्यासाठी ते टाकीत साठवून ठेवतात. त्याचा दाटपणा बोमे या अंशांत मोजण्याचा प्रघात आहे. पंधरा अंश बोमेच्या दुधाची घनता पाण्याच्या १.११५ पट, दहा अंशाच्या दुधाची १.०७४ पट. आता दहा मीटर उंचीपर्यंत दूध भरलेली टाकी घ्या, आणि दाबमापीला पंधरा अंशांची घनता सांगून ठेवलेली असताना विरवणाऱ्याने पाणी जास्त घालून दूध दहा अंशांवर आणले, असे समजा. दाबमापी नऊ मीटर त्रेसष्ट सेंटिमीटर दाखवील, म्हणजे प्रत्यक्षाहून सदतीस सेंटिमीटर कमी. प्रतिपक्षाच्या दृष्टीने दाबमापी इथे उघड उघड खोटा ठरला. तो मानणाऱ्या चालकाने टाकी वाहवली तर त्याची जबाबदारीही दाबमापीवर.

हा आरोप मी कबूल करतो. आणि आता तीच टाकी रडारच्या स्वाधीन करतो. रडार दोन्ही वेळा दहा मीटरच सांगेल, आणि ते अचूक असेल. परंतु पंधरा अंशांच्या दुधात लिटरमागे सुमारे १४८ ग्रॅम चुना असतो, दहा अंशांच्या दुधात सुमारे ९४ ग्रॅम. साखर कारखान्याला रसात घालायचा असतो तो चुना, उंची नव्हे; आणि ज्या टाकीतून एका तृतीयांशाहून अधिक चुना नाहीसा झाला, तिच्याविषयी रडारचा आकडा तसूभरही हललेला नसतो. काहीतरी बिघडले आहे अशी चाहूल निदान दोहोंपैकी कोणी दिली? नऊ मीटर त्रेसष्ट सेंटिमीटर ही ती चाहूल होती, फक्त ती ऐकणारा कान नव्हता. त्याच टाकीला तीन मीटरांच्या उभ्या अंतराने दोन छिद्रे ठेवून त्यांमधील दाबफरक घेतला, तर दाट दुधाचा ३२.८ किलोपास्कल आणि पातळ दुधाचा ३१.६ किलोपास्कल असा भेद मिळतो, म्हणजे घनता आपोआप कळते. ती खालच्या दाबाच्या हिशेबात घातली की उंची बिनचूक निघते, आणि चुन्याचा साठाही. तेलाच्या मोठ्या टाक्यांवर तळाशी एक, काही अंतर वर दुसरा आणि वायूच्या जागेत तिसरा असे तीन दाबमापी बसवून साठ्याचे वजन काढण्याची रीत याच विचारातून निघाली आहे. दाबमापीला घनता ठाऊक नसते म्हणून त्याला काढून टाका, असे म्हणणाऱ्यांनी घनता सांगण्याचे काम दुसऱ्या दाबमापीवर सोपवून पाहिले आहे काय?

चुन्याच्या दुधाचा आणखी एक गुण इथे नमूद करण्यासारखा आहे. घुसळणी चालू असेतो चुन्याचे कण पाण्यात तरंगत असतात आणि त्यांचे वजन पाण्याच्या दाबात मिसळलेले असते. घुसळणी थांबली की कण हळूहळू खाली बसतात, आणि एकदा ते तळावर थर धरून टेकले की त्यांचा भार टाकीचा तळ उचलू लागतो, पाणी नव्हे. परिणामी पृष्ठभाग जागच्या जागी असताना दाब उतरू लागतो. रडारच्या भक्तांना हा पुन्हा एक दोष वाटेल. परंतु घुसळणीचा पट्टा तुटला, मोटार बंद पडली किंवा पाते झिजले, ही वार्ता रात्रपाळीच्या माणसाला टाकीवर न चढता मिळते ती याच तथाकथित दोषातून, आणि ती मिळाली नाही तर सकाळी त्याच माणसाला कुदळ घेऊन टाकीत उतरावे लागते.

चुन्यावरून कोळशाकडे येऊ. भूमिगत खाणीत कोळसा काढून रिकाम्या झालेल्या जुन्या गल्ल्यांत पाणी साठते, आणि चालू कामापासून ते अलग राखण्यासाठी मध्ये बांध घालतात. या बांधापलीकडे किती उंचीपर्यंत पाणी चढले आहे, हे कसे कळावे? तिथे मापाची काठी पोचत नाही, तरंगक सोडता येत नाही, रडारला तर दोन पावलांवरच दगड आडवा येतो. बांधातून एक नळी काढून तिच्यावर दाबमापी बसवला आणि त्यावर दर चौरस सेंटिमीटरला तीन किलोग्रॅम असा आकडा दिसला, की पलीकडे सुमारे तीस मीटर पाणी उभे आहे हे निःसंशय समजते. गल्ली सरळ आहे की वाकडी, छत कोसळले आहे की शाबूत आहे, याच्याशी त्या आकड्याला कर्तव्य नसते. पाणी एकंदर किती आहे हे मात्र तो सांगत नाही, कारण एका अरुंद गल्लीतले तीस मीटर पाणी आणि अनेक गल्ल्यांतले तीस मीटर पाणी तळाशी सारखाच दाब देतात. त्यासाठी नकाशा खरा असावा लागतो. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत जुन्या कामातले पाणी फुटून आत आले आणि ३७५ कामगार बुडाले, त्या घटनेची आठवण खाणीच्या गावात आजही जिवंत आहे. पलीकडच्या पाण्याची उंची अलीकडून सांगू शकणारे जे एकमेव यंत्र, त्याला टाकाऊ ठरवणारा मनुष्य खाणीत कधी उतरला नसावा, एवढाच तर्क मला करता येतो.

वणी परिसरातील कोळसा ज्यांच्या भट्ट्यांत जळतो, त्या औष्णिक केंद्रांत तर दाबफरकाला पर्यायच नाही म्हटले तरी चालेल. चंद्रपूरचे २,९२० मेगावॉटचे केंद्र घ्या. बॉयलरच्या ज्या ढोलात पाणी आणि वाफ वेगळी होतात, तिथली पातळी थोडी घसरली तर नळ्या जळण्याची धास्ती, थोडी चढली तर पाण्याचे थेंब टर्बाइनच्या पात्यांवर जाण्याची. दीडशे बार दाबाखाली उकळत्या पाण्याची घनता घनमीटरला सुमारे ६०३ किलोग्रॅम उरते आणि वाफेची सुमारे ९७ पर्यंत चढते. दोहोंतील अंतर थंड पाण्याच्या निम्म्यावर आलेले असते, म्हणजे ढोलातील पातळी दहा सेंटिमीटर घसरली तर दाबफरक जेमतेम पाच सेंटिमीटर पाण्याइतका बदलतो. हे ठाऊक असल्यामुळेच ढोलाचा दाब वेगळा मोजून त्यानुसार आकडा दुरुस्त करण्याची तजवीज तिथे केलेली असते. दाबमापीची उणीव ओळखून तिचा हिशेब मांडला, की तोच दाबमापी अत्यंत कठीण जागी विश्वासाने काम देतो, याचा याहून मोठा दाखला मला ठाऊक नाही.

आता त्या अनर्थांकडे वळतो, कारण प्रतिपक्षाची खरी भिस्त त्यांवरच आहे. ११ मार्च २०११ रोजी जपानात भूकंप आणि त्सुनामी यांनी फुकुशिमा दाइची येथील अणुकेंद्राचा वीजपुरवठा तोडला. त्या रात्री नवाच्या पुढे पहिल्या क्रमांकाच्या भट्टीतील पातळीचा आकडा कसाबसा मिळवला गेला, तो इंधनाच्या माथ्यावर दोनशे मिलिमीटर पाणी असल्याचे सांगत होता. वस्तुतः तोवर इंधन उघडे पडून वितळू लागले होते, हे पुढे सिद्ध झाले. मे महिन्यात तो मापक पुन्हा तपासून जुळवला, तेव्हा पाणी इंधनाच्या माथ्यापासून पाच मीटरांहूनही खाली असल्याचे उघड झाले. ही पातळी दाबफरकानेच मोजली जात होती. त्या रचनेत एका बाजूला पाण्याने नेहमी काठोकाठ भरलेली एक उभी नळी असते, आणि तिच्यातील स्थिर स्तंभाशी भट्टीतील स्तंभाची तुलना केली जाते. भट्टीभोवतीचा कोठा भयंकर तापल्याने त्या नळीतील पाणीच वाफ होऊन उडाले, तुलनेचा आधार खचला, दाबफरक कमी झाला, आणि कमी दाबफरक म्हणजे जास्त पातळी असा त्या रचनेतला अर्थ असल्याने यंत्राने भरल्या पातळीची ग्वाही दिली.

इथे दाबमापीने खोटे सांगितले काय? त्याच्या पडद्याच्या दोन बाजूंवर जो फरक होता तो त्याने इमानाने सांगितला. खोटा पडला तो आपण धरलेला समज, की नळी सदैव भरलेली असते. हा समज मोडण्याची वेळ केव्हा येते, तिथले तपमान किती झाले म्हणजे आकड्यावरचा विश्वास काढून घ्यावा, हे आधीच ठरवून चालकाच्या हाती देण्याचे काम माणसांचे होते. उकळत्या पाण्याच्या याच जातीच्या दोन भट्ट्या आपल्या तारापुरात १९६९ मध्ये सुरू झालेल्या आहेत, सबब हा प्रश्न आपल्याला परका नाही. अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुकेंद्रात २८ मार्च १९७९ रोजी घडले ते याहूनही बोलके : दाबनियंत्रक टाकीवरील मापक ती भरल्याचे सांगत होता आणि ती खरोखरच भरत चालली होती, परंतु त्यावरून भट्टीतही पाणी भरपूर आहे असे मानून चालकांनी बाहेरचे पाणी कमी केले, आणि भट्टीच्या पात्रावर स्वतःचा पातळीमापक नव्हताच. एकाची साक्ष दुसऱ्याच्या खटल्यात घेतली, आणि शिक्षा मात्र साक्षीदाराला, असा हा न्याय.

प्रतिपक्षाला याहून बळकट उदाहरण हवे असेल तर ते मीच देतो. २३ मार्च २००५ रोजी अमेरिकेतील टेक्सस सिटी येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात एक उंच स्तंभ काठोकाठ भरून उतू गेला, स्फोट झाला आणि पंधरा माणसे मेली. स्तंभात द्रव १५८ फुटांवर असताना मापक आठ फुटांच्या आत दाखवत होता, आणि तोही उतरता. तो मापक उत्प्लावक बलावर, म्हणजे दाबमापीच्या सख्ख्या चुलतभावाप्रमाणे घनतेवर, चालणारा होता; त्याला सांगून ठेवलेली घनता प्रत्यक्षातल्या द्रवाची नव्हतीच. परंतु तो मापक स्तंभाच्या तळच्या थोड्या फुटांपुरताच बसवलेला होता, आणि त्या पट्ट्याच्या वर काय चालले आहे हे पाहण्याची सोयच कोणी केली नव्हती; तिथे रडारही त्याच पट्ट्यापुरते बसवले असते तर तेही १५८ फूट दाखवू शकले नसते.

नळ्या तुंबण्याच्या तक्रारीला मात्र उत्तर नाही, आणि मी देणार नाही. चुन्याच्या दुधाची बारीक नळी तुंबणारच. तिच्या जागी टाकीला भिडून बसणारा रुंद पडदा लावावा, नाहीतर ठरावीक मुदतीने पाण्याची धार मारून ती साफ करावी, आणि ते झाल्याची नोंद रोजनाम्यात व्हावी. ज्या कारखान्यात ही नोंद होत नाही तिथे रडारच्या तोंडावर बसलेला चुन्याचा लेपही कोणी पुसणार नाही.

आणि चुन्याच्या भुकटीच्या उभ्या कोठीवर तर मी स्वतःच प्रतिपक्षाच्या बाजूने उभा राहतो. कोरडी भुकटी द्रव नव्हे. तिच्या कणांचे भिंतीशी घर्षण होते, भार भिंती उचलतात, आणि थोड्या उंचीनंतर वर कितीही भुकटी ओतली तरी तळाचा दाब जवळजवळ वाढत नाही, हे यान्सेन या जर्मन अभियंत्याने १८९५ मध्ये धान्याच्या कोठारांवरून दाखवून दिले. तिथे तळाशी दाबमापी लावणारा मनुष्य दहा मीटर आणि वीस मीटर यांतला फरक ओळखू शकणार नाही. त्या कोठीवर रडार बसवावे, नाहीतर वजन सोडून ठाव घ्यावा; परंतु त्याच आवारात, काही पावलांवर, चुन्याचे दूध घुसळणाऱ्या टाकीवरचा दाबमापी काढून त्या जागीही रडार आणण्याचा हुकूम काढण्यापूर्वी त्या टाकीतल्या दुधाचे बोमे शेवटचे केव्हा तपासले, हे दफ्तर उघडून पाहावे.